शॉवरचा थर्मोस्टॅट अडकलाय, बदलू का उघडू?

या वेळी बाथरूमचीच पत्रं जास्त आलीत. मिक्सर गळतो, गीझर चालू केला की एमसीबी पडतो हे नेहमीचं पुढच्या अंकात घेऊ, कारण थर्मोस्टॅटिक शॉवरबद्दल, म्हणजे लावलेल्या टेंपरेचरला पाणी आपोआप ठेवणाऱ्या शॉवरबद्दल, एकदम बऱ्याच जणांनी विचारलंय आणि सगळी पत्रं सांगली-साताऱ्याकडचीच आहेत. तसं नवल नाही, इकडं मधल्या काळात जे बंगले आणि फ्लॅट झाले त्यात हौसेनं हे शॉवर बसले आणि आता त्यांची कुरकुर सुरू झालीय. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते नीट वाचलं तर बाकीच्यांचं निम्मं काम तिथंच होईल.

प्रश्न : बाथरूम नवीन केलं तेव्हा मुलानं थर्मोस्टॅटिक शॉवर बसवून घेतला. भिंतीच्या बाहेर आडवी बॉडी, एका टोकाला चालू-बंदचा नॉब आणि दुसऱ्या टोकाला टेंपरेचरचे आकडे असलेला. हा आकड्यांचा नॉब आता हलतच नाही, दोन्ही हातांनी जोर लावून बघितला. पाणी कोमटच येतं, थंडीत अंघोळ करवत नाही. गरम पाणी सोलरचं आहे, गच्चीवरच्या टाकीत बोअरचं आणि महापालिकेचं दोन्ही पाणी येतं. प्लंबर म्हणतो हे रिपेअर होत नसतं, अख्खं युनिट बदला, आणि त्याची किंमत ऐकून आम्ही गप्प बसलोय. घरी काही करता येईल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : काका, सगळ्यात आधी ते दोन्ही हातांनी जोर लावणं बंद करा. नॉब प्लास्टिकचा असतो, तो आत ज्या स्पिंडलवर म्हणजे दांडीवर बसतो त्याला बारीक दाते असतात आणि जास्त जोर दिला की ते दाते साफ होतात, मग नॉब मस्त गोल गोल फिरायला लागतो, आपल्याला वाटतं सुटला बाबा एकदाचा, आणि आत काहीच फिरत नसतं. प्लंबरचं म्हणाल तर त्याच्या हिशेबानं तो बरोबरच आहे, युनिट बदलणं हे त्याचं झटपट काम आणि जुनं उघडून साफ करत बसणं हे वेळ खाणारं, त्यात ते करताना काही तुटलं तर तुम्ही त्यालाच धरणार. पण या युनिटमधलं थर्मोस्टॅटचं कार्ट्रिज वेगळं निघतं, चांगल्या कंपन्यांचं वेगळं विकतही मिळतं, आणि बऱ्याचदा तेही घ्यावं लागत नाही, नुसतं धुवून भागतं.

आत काय असतं ते थोडं सांगतो, म्हणजे उघडताना भीती वाटणार नाही. आकड्यांच्या नॉबमागं जे कार्ट्रिज असतं त्याच्या पोटात मेणाची एक छोटी कुपी असते. मिक्स झालेलं पाणी त्या कुपीवरून वाहतं. पाणी जास्त गरम झालं की मेण फुगतं आणि एक पिन बाहेर ढकलतं, त्या पिनेनं आतला स्लीव्ह म्हणजे सरकणारं नळकांडं सरकतं, गरम पाण्याची फट बारीक होते आणि गारची मोठी. पाणी गार पडलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग सगळं मागं ढकलते. वीज नाही, सेल नाही, काही नाही. गाडीच्या इंजिनात रेडिएटरकडं पाणी सोडणारा थर्मोस्टॅट असतो तोही मेणावरच चालतो, त्यामुळं गॅरेजवाल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आपण नॉब फिरवतो तेव्हा फक्त एवढंच ठरवतो की किती गरमला स्लीव्हनं गरमची वाट अडवायची.

आता हा स्लीव्ह सरकतो ती जागा एकदम चिंचोळी, आणि आपल्याकडचं पाणी कसलं, तर बोअरचं. ते काळ्या दगडातून, बेसॉल्टमधून येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी गार असतं तोवर ते गप्प बसतात, तापलं की कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर पडतं आणि जिथं जागा मिळेल तिथं चिकटतं, ६० डिग्रीच्या वर तर फारच जोरात. सोलरच्या टाकीत उन्हाळ्यात पाणी सहज तेवढं तापतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं दिलंय, म्हणजे पिण्याला पास झालेलं पाणीसुद्धा शॉवरच्या मुळावर उठू शकतं. त्यात आपली सवय अशी की एकदा ३८ वर नॉब लावला की वर्षानुवर्षं त्याला हात लावायचा नाही. जे हलत नाही त्याच्यावर थर बसतो आणि थर बसला की ते आणखी हलत नाही. तुमचा नॉब बिघडलेला नाही, क्षारांनी धरलाय, असं माझं पत्रावरून तरी मत आहे.

उघडायच्या आधी पाणी बंद करायचं, गार आणि गरम दोन्ही. गारचा कॉक गच्चीवर टाकीपाशी असेल, गरमचा सोलरच्या आउटलेटला. काही बाथरूममध्ये भिंतीतच दोन कॉक दिलेले असतात, तसं असेल तर नशीबवान आहात. सोलरला बॅकअप हीटर असेल तर त्याचं बटण बंद. मग शॉवर चालू करून लाइनमधलं पाणी जाऊ द्या. सोलरचं पाणी रात्रीही कडक राहतं, त्यामुळं शॉवरमधून येणारी धार पूर्ण थांबल्याशिवाय पुढं जाऊ नका. जुना गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, बारीक धार सुरूच राहते, तसं असेल तर आधी तो बदलून घ्या, त्याच्याशी खेळत शॉवर उघडायचा नाही. आणि खाली जाळीवर एक फडकं टाका, या कामात स्क्रू इतके बारीक असतात की हातातून सुटला की थेट ट्रॅपमध्ये.

नॉबच्या टोकाला एक छोटी टोपी असते, ती नखानं किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळून उचकटा, आत स्क्रू दिसेल. काही मॉडेलला टोपी नसते, नॉबच्या खालच्या अंगाला अ‍ॅलन कीचा छोटा स्क्रू असतो, तो खाली वाकून बघितल्याशिवाय सापडत नाही. नॉब सरळ ओढून काढा. क्षारांनी धरला असेल तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवा आणि मग हलवत हलवत ओढा, पक्कडीनं उपटू नका. नॉब निघाला की लगेच मोबाइलवर फोटो काढा, कारण मागं एक प्लास्टिकची रिंग असते, तिला एक खाच असते आणि ती ज्या दिशेनं बसलीय त्याच दिशेनं परत बसली पाहिजे. मी तर म्हणतो फोटोबरोबर मार्करनं रिंगवर आणि बॉडीवर एक रेघच ओढा.

त्याच्या मागं षटकोनी मोठा नट दिसेल, कार्ट्रिजला धरून ठेवणारा. काही मॉडेलमध्ये वेगळा नट नसतो, कार्ट्रिजलाच षटकोन असतो. तो उलटा फिरवून सोडवायचा, पण इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, एका हातानं पाना फिरवताना दुसऱ्या हातानं, नाहीतर घरातल्या कुणाला तरी सांगून, बॉडी घट्ट धरून ठेवायची. तशी धरली नाही तर सगळा जोर भिंतीतून येणाऱ्या दोन वाकड्या जोडांवर जातो, ते जोड आत फिरतात आणि मग गळती टाइलच्या मागं सुरू होते, जी दिसते कधी, तर पलीकडच्या खोलीचा रंग फुगल्यावर. पान्याच्या जबड्यात कापड ठेवा, नाहीतर क्रोमवर ओरखडे येतात.

नट सुटला की कार्ट्रिज ओढलं की यायला पाहिजे. येत नसेल तर नॉब परत स्पिंडलवर बसवून त्यालाच धरून डावी-उजवीकडं डुलवत ओढा. हातात आल्यावर बघा, गरम पाण्याच्या अंगाला पांढरट-पिवळा खरखरीत थर दिसेल, नखानं खरडलं की भुरभुरणारा, जाळीच्या भोकांत वाळूचे कण, आणि एखादी ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबराची गोल कडी, चपटी होऊन तिच्या कडेला काळा रबराचा चुरा. एवढं दिसलं की समजायचं रोग सापडला.

एका प्लास्टिकच्या डब्यात लिटरभर कोमट पाणी घ्या आणि त्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्व घाला, किराणा दुकानात मिळतं तेच. कार्ट्रिज त्यात बुडवून ठेवा. लगेच बुडबुडे यायला लागतील, तो चुना विरघळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड. अर्धा-पाऊण तासानं बुडबुडे थांबले की बाहेर काढून जुन्या टूथब्रशनं घासा, थर राहिला असेल तर पाणी बदलून परत. लिंबूसत्व नसेल तर व्हिनेगर चालतं, वेळ जास्त लागतो एवढंच. रात्रभर बुडवून ठेवू नका, रबर आणि प्लेटिंग दोन्हीला ते मानवत नाही. तोपर्यंत बॉडीच्या आतली भिंत त्याच पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसून घ्या. आत ब्लेड, तारेची घासणी, पॉलिश पेपर काही घालायचं नाही, आतली जागा गुळगुळीत आहे म्हणून ओ-रिंग पाणी अडवते, तिथं एक ओरखडा पडला की गळती कायमची.

मग मेणाची परीक्षा. एका भांड्यात अंघोळीच्या पाण्यापेक्षा चांगलं कडक पाणी घ्या, दुसऱ्यात साधं गार. कार्ट्रिज कडक पाण्यात धरलं की पिन किंवा स्लीव्ह थोडा सरकलेला दिसला पाहिजे, गारमध्ये घातल्यावर हळूहळू परत. सरकतोय म्हणजे मेण जिवंत आहे, पैसे वाचले. दोन-तीनदा करूनही ढिम्म हलत नसेल तर नवीन कार्ट्रिज घ्यावं लागेल, मेणाची कुपी सीलबंद असते, ती घरी काय आणि दुकानात काय कुणी भरून देत नाही.

बसवताना ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, थोडंसंच. व्हॅसलीन, खोबरेल तेल, मशीनचं ऑइल यातलं काही नको, पाण्याच्या फिटिंगमधलं रबर बहुतेक ईपीडीएम असतं आणि ते तेलानं फुगतं, म्हणजे आज नॉब लोण्यासारखा फिरेल आणि काही महिन्यांत पहिल्यापेक्षा जाम. सगळं बसवून नट हातानं आवळा आणि मग पान्यानं थोडासाच, पहिलवानकी करू नका.

नॉब मात्र लगेच बसवायचा नाही. पाणी दोन्ही बाजूचं सुरू करा, शॉवर चालू करा, धारेखाली तांब्या धरून त्यात थर्मामीटर ठेवा. तापाचा काचेचा नको, तो ४२ च्या पुढं जात नाही आणि फुटतो, स्वयंपाकघरातला डिजिटल मिळतो तो बरा. उघडा स्पिंडल हळूहळू फिरवत पाणी ३८ वर आणा, तिथं थांबा, आणि मग नॉबचा ३८ चा आकडा बॉडीवरच्या खुणेसमोर येईल असा धरून बसवा. हे केलं नाही तर नॉबवर ३८ दिसतंय आणि अंगावर ४५ पडतंय असं होऊ शकतं, घरात लहान पोरं आणि म्हातारी माणसं असतात.

शेवटची परीक्षा विसरू नका. शॉवर ३८ वर चालू ठेवून गार पाण्याचा कॉक एकदम बंद करा, हात धारेपासून लांब. काही सेकंदांत धार बंद किंवा अगदी बारीक झाली पाहिजे, कारण गार नाही म्हटल्यावर थर्मोस्टॅटनं गरम अडवायलाच पाहिजे, या शॉवरला आपण जास्तीचे पैसे देतो ते त्यासाठीच. कडक पाणी तसंच येत राहिलं तर कार्ट्रिज बाद आहे, कितीही छान फिरत असलं तरी. नवीन घालेपर्यंत तो शॉवर वापरू नका, बादली घ्या.

पुढं परत अडकू नये म्हणून पंधरवड्यातून एकदा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत जा, शॉवर चालू असतानाच. आणि वर्षातून एकदा हीच सफाई, दिवाळीच्या आवराआवरीत बसवून टाका म्हणजे लक्षात राहतं आणि थंडीच्या तोंडावर कामही होतं.

प्रश्न : आमच्या शॉवरचं कार्ट्रिज कंपनीच्या माणसाकडून नवीन घातलं तरी गरम पाणी येईना. बाजूच्या बादलीच्या नळाला मात्र सोलरचं कडक पाणी येतं. मागच्या वर्षी प्रेशर कमी वाटत होतं म्हणून गार पाण्याच्या लाइनला पंप बसवलाय, त्याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : असेल का म्हणजे, तोच आहे! सर, उभ्या दहा मीटर पाण्याला साधारण एक बार प्रेशर धरतात. तुमची सोलरची टाकी शॉवरच्या वर तीनेक मीटर असेल तर गरम पाणी ०.३ बारनं येतंय आणि गार पाण्याला पंपानं त्याच्या कितीतरी पट जोर दिलाय. मिक्सरच्या आत दोघं समोरासमोर आले की गार पाणी गरमला पाऊलच टाकू देत नाही. थर्मोस्टॅट बिचारा गरमची फट पूर्ण उघडून बसलाय पण तिकडून काही येत नाही. त्यात हे शॉवर मुळात युरोपातल्या घरांच्या प्रेशरवर बेतलेले, बऱ्याच मॉडेलच्या कागदावर कमीत कमी अर्धा किंवा एक बार लिहिलेलं असतं, खोक्यातला तो कागद आपण पहिल्या दिवशीच रद्दीत टाकतो.

आता पंप आहेच तर सोलरच्या टाकीला जाणाऱ्या पाण्यालाही लावू असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आपल्याकडच्या काचेच्या नळ्यांच्या सोलरच्या टाक्या बहुतेक बिनप्रेशरच्या, त्यांना वर हवेची नळी उघडी असते, प्रेशर दिलं की तिथून पाणी उडेल नाहीतर टाकी फुगेल. दोनच मार्ग आहेत. एक तर या बाथरूमचं गार पाणी पंपाच्या आधीच वेगळं काढून सरळ टाकीवरून द्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील, पण मग कमी प्रेशरवर चालणारं कार्ट्रिज लागेल आणि शॉवरची धार पावसाळी नळासारखीच राहील. नाहीतर सोलरमधून बाहेर येणाऱ्या गरम लाइनला गरम पाण्याला चालणारा पंप बसवा, दोन्ही पंपांचं प्रेशर सारखं ठेवून. साधा पंप गरम लाइनला लावला तर त्याचं सील जातं, घेताना किती डिग्रीपर्यंत चालतो ते प्लेटवर वाचून घ्या. मला विचाराल तर दुसरा मार्ग खर्चाचा असला तरी कटकट कायमची संपवणारा आहे.

एक तपासून घ्या. गरमचा पाइप शॉवरच्या डाव्या बाजूला आणि गारचा उजव्या बाजूला हवा, समोर उभं राहून. साधा मिक्सर उलटा जोडला तरी चालून जातो, आपण हँडल दुसरीकडं फिरवतो. थर्मोस्टॅटिक उलटा जोडला की तो शहाण्यासारखं वागूच शकत नाही, गरम वाढलं की तो गार बंद करायला जातो. काही बॉडीवर लाल आणि निळी खूण असते, ती बघा.

प्रश्न : नवीन शॉवर ३८ च्या पुढं फिरतच नाही, तिथंच अडतो. सासूबाईंना कडक पाणी लागतं, रोज माझ्या नावानं शंख. गॅरंटीत आहे तर बदलून मागू का?
— एक वाचक भगिनी, गोडोली, सातारा

उत्तर : ताई, बदलून मागू नका, नॉबवर एक छोटं बटण असेल, बहुतेक लाल, ते दाबून धरा आणि मग फिरवा. ३८ ला मुद्दाम अडवलेलं असतं, पोरांनी खेळता खेळता नॉब पुढं नेऊन भाजून घेऊ नये म्हणून. सासूबाईंना तेवढं दाखवून द्या. फक्त त्यांची अंघोळ झाल्यावर नॉब परत मागं आणायचा हे घरात ठरवून टाका. साठीच्या पुढं कातडी पातळ होते आणि गरम किती आहे ते लवकर कळत नाही, त्यामुळं कडक म्हणजे किती कडक हे एकदा थर्मामीटरनं बघा, ४३-४४ च्या पुढं नको.

प्रश्न : मे महिन्यात नॉब सगळ्यात गारवर ठेवला तरी शॉवरला गरमच पाणी येतं, म्हणजे आतून अडकलाय ना?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : नाही. तुमची काळी टाकी गच्चीवर दिवसभर उन्हात असते, गार म्हणून जे पाणी येतंय तेच तापलेलं असतं आणि थर्मोस्टॅट काही फ्रिज नाही, येणाऱ्या गार पाण्यापेक्षा गार तो देऊ शकत नाही. टाकीवर शेड करा, सकाळी लवकर अंघोळ उरका.

प्रश्न : अलीकडं बेसिनच्या गार नळाला आणि कमोडच्या फ्लशलाही गरम पाणी येतंय! आणि सोलरची टाकी भर उन्हातसुद्धा संध्याकाळी गार. शॉवर ठीक चालतो. प्लंबरनं सोलरवाल्याकडं बोट दाखवलं, सोलरवाल्यानं प्लंबरकडं.
— एक वाचक, मिरज

उत्तर : दोघांचीही चूक नसेल. शॉवरमध्ये पाणी आत येतं त्या दोन्ही तोंडांना एकेक एनआरव्ही असतो, म्हणजे पाणी एकाच दिशेनं सोडणारा छोटा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह. त्यात गाळाचा कण अडकला की तो पूर्ण मिटत नाही, मग शॉवरच्या आतून गरम लाइन आणि गार लाइन एकमेकांना जोडल्या जातात, जिकडं प्रेशर जास्त तिकडून पाणी दुसरीकडं ढकललं जातं. दिवसाकाठी किती सोलरचं पाणी फ्लशमधून वाहून जातंय याचा विचार करा. हँड शॉवरला टोकाशी वेगळं बटण असलं आणि आपण मुख्य नॉब चालू ठेवून ते बटणच बंद करत असलो तर हे जास्त होतं, तशी सवय असेल तर मोडा.

खात्री करायची असेल तर शॉवरची दोन्ही तोंडं कॉकनं बंद करून एक दिवस घर चालवा. फ्लशचं गरम पाणी थांबलं तर चोर सापडला. मग बॉडी भिंतीवरून उतरवा, दोन्ही बाजूंचे मोठे नट सोडवले की ती पुढं येते, आत जाळी आणि तिच्या मागं एनआरव्ही दिसेल. जाळी ब्रशनं धुवा, एनआरव्ही बोटानं दाबून बघा, दाबल्यावर आत जाऊन टचकन परत आला पाहिजे. आळशीपणा करत असेल तर नवीन घाला, छोटी वस्तू आहे. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ येतं तेव्हा आणि पुराचं पाणी ज्यांच्या जमिनीतल्या टाकीत शिरलं, २०१९ ला शिरलं, २०२१ ला शिरलं, अशा घरांत टाकी धुतली तरी लाइनमध्ये गाळ राहतो, तिथं या जाळ्या अधूनमधून बघाव्याच लागतात. शॉवरची धार बारीक झाली असेल तर बऱ्याचदा कारण याच जाळ्या, कार्ट्रिजला उगीच दोष.

प्रश्न : द्राक्षबागेच्या ड्रिपला क्षार काढायला अ‍ॅसिड सोडतो, ते थोडं घरात शिल्लक आहे. शॉवरच्या कार्ट्रिजला तेच पातळ करून वापरलं तर चालेल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, तुमचा विचार बरोबर दिशेनं आहे, ड्रिपरमध्ये जे साचतं तेच शॉवरमध्ये साचतं. पण ड्रिपची नळी प्लास्टिकची, अ‍ॅसिडला दाद न देणारी, आणि शॉवरची बॉडी पितळेची, वर क्रोमचा पातळ मुलामा. हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक लागलं की आधी मुलामा जातो आणि मग पितळ खरबरीत होतं. बाथरूमच्या फरशीला दारावर विकायला येतं ते अ‍ॅसिडही तेच, ते पण नको. लिंबूसत्वानं काम होतंय तर बागेतला कॅन घरात कशाला आणता.

आणि एक महत्त्वाचं, ड्रिपमधलं शेवाळ मारायला तुम्ही ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनही सोडत असाल. बाथरूमसारख्या बंद जागेत अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो, तो छातीत गेला की दवाखानाच. फरशी ब्लीचनं धुतली त्या दिवशी लिंबूसत्वाचाही डबा तिथं उघडू नका, दुसऱ्या दिवशी करा.

प्रश्न : मेण गेलंय हे तुमच्यासारख्याच एका माहितगारानं सांगितलं. कार्ट्रिज कुठल्याही कंपनीचं बसतं का? ऑनलाइन 'युनिव्हर्सल' म्हणून स्वस्तात दिसतंय.
— एक वाचक, कराड

उत्तर : युनिव्हर्सल असं काही नसतं. लांबी, जाडी, ओ-रिंगची जागा, स्पिंडलचे दाते, सगळं कंपनीगणिक वेगळं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही. काही कार्ट्रिज उलट्या जोडणीसाठी वेगळी येतात, म्हणजे गरम उजवीकडं असणाऱ्या पाइपसाठी, दिसायला अगदी सारखी, ती चुकून आली की डोक्याला ताप. जुनं कार्ट्रिज धुवून कोरडं करून पिशवीत घाला, बॉडीवर किंवा नॉबखाली मॉडेल नंबर असेल त्याचा फोटो घ्या आणि कंपनीच्या डीलरकडं जा. कराडला नाही मिळालं तर सांगली-कोल्हापुरातून मागवून देतात, थोडे दिवस थांबावं लागतं. तोवर जुनं कार्ट्रिज परत घालून नट आवळून ठेवा म्हणजे बाकीच्या घराचं पाणी सुरू करता येईल, फक्त शॉवरला हात लावू नका. आणि नवीन घ्यायच्या आधी जुन्याला शेजारी ठेवून दाते मोजा, दुकानातच, बसवून बघितलेला ओला माल कुणी परत घेत नाही.